पोर्ट कोणाच्या ताब्यात आहे?

जावा भाषेत लिहिलेली वेब-प्रणाली चालू करावयास जावे आणि सर्व्हरने 'हा पत्ता आधीच वापरात आहे' एवढाच निरोप देऊन थांबावे, हा प्रसंग या व्यवसायातील प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येतोच. परंतु त्या क्षणी माणूस कारणाचा शोध घेतो की केवळ अडथळा दूर सारतो, यावर त्याचे पुढचे शिक्षण कोणत्या वळणाने जाणार हे पुष्कळसे अवलंबून असते, असे मला अनुभवान्ती वाटू लागले आहे. म्हणून या लहानशा दिसणाऱ्या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे १९८३ साली आणि खुद्द यवतमाळ येथे १९९६ साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, आणि उमरखेड, दारव्हा, घाटंजी, राळेगाव अशा तालुक्यांतील कापूस-तुरीच्या शेतकऱ्यांची मुले संगणकशास्त्राकडे वळू लागली. त्यांतील कित्येकांना जावाचे प्रात्यक्षिक शिकविण्याचा योग मला जिल्ह्यातल्याच एका संस्थेत आला. ज्याने स्वतःच्या मालकीचा संगणक कधी पाहिला नाही, ज्याला लॅबमध्ये यंत्रासमोर बसावयास मिळणारा वेळ मोजकाच, अशा विद्यार्थ्याचा निम्मा तास सर्व्हर चालू करण्यातच खर्ची पडावा, ही गोष्ट मला फार लागत असे. "सर, पोर्ट ऑलरेडी इन यूज सांगते, मशीन रीस्टार्ट करू का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे समग्र उत्तर एकदा कागदावर उतरविणे मला माझे कर्तव्यच वाटते.

एका संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम जाळ्याशी व्यवहार करीत असतात. बाहेरून आलेला मजकूर त्यांपैकी कोणाच्या हवाली करावयाचा, हे यंत्राला कळावे म्हणून ० पासून ६५५३५ पर्यंतचे क्रमांक योजलेले आहेत. त्या क्रमांकास पोर्ट म्हणतात. वेबचा मूळ क्रमांक ८०. परंतु १०२४ च्या खालील क्रमांक युनिक्स घराण्यातील यंत्रांवर परंपरेने केवळ प्रशासकास उपलब्ध असल्यामुळे, सामान्य वापरकर्त्याच्या वेब-सर्व्हरसाठी ८०८० हा क्रमांक रूढ झाला. टॉमकॅट या जावाच्या वेब-सर्व्हरने तो घेतला, जेनकिन्सने घेतला, स्प्रिंग बूटने घेतला. एका पत्त्यावरील एक क्रमांक सामान्यतः एका वेळी एकाच प्रोसेसला मिळतो, आणि येथेच तंट्याचे मूळ आहे.

आमच्या लॅबमधील तंटा मात्र दोन टॉमकॅटांमधला नव्हता. डेटाबेसच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक यंत्रावर ओरॅकलची एक्सप्रेस आवृत्ती, १०जी, बसविलेली होती. या आवृत्तीचे व्यवस्थापन ब्राउझरमधून करता यावे म्हणून ती स्वतःच ८०८० हा क्रमांक घेऊन बसते, आणि तिची सेवा विंडोजबरोबर आपोआप चालू होते. त्यामुळे यंत्र पुनःपुन्हा रीस्टार्ट करणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रम समूळ व्यर्थ जात. विद्यार्थी टॉमकॅटपर्यंत पोहोचण्याच्या आतच ओरॅकल आपल्या जागी हजर झालेले असे. ब्राउझरमध्ये ८०८० वरचा पत्ता टाकला, की टॉमकॅटच्या परिचित पानाऐवजी 'एक्सडीबी' असे नाव दाखवून वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड मागणारी चौकट पुढे येई. ती चौकट म्हणजेच निदान होते. विद्यार्थी मात्र तीत आपला लॉगिन भरून पाहत, तो नाकारला गेला म्हणजे हताश होत, आणि टॉमकॅट पुन्हा उतरवून घेण्याच्या मागे लागत.

त्यांतील एका हुशार मुलाने नेटस्टॅट चालवून ८०८० वर बसलेल्या प्रोसेसचा क्रमांक शोधला आणि ती तत्काळ बंद करून टाकली. टॉमकॅट चालू झाला. त्याच्या प्रोग्रामचे लॉगिनचे पान उमटले. परंतु नाव-पासवर्ड भरून बटण दाबताच डेटाबेसशी जोडणीच होईना, आणि पुढे दीर्घकाळ तो मुलगा आपल्या जेडीबीसीच्या ओळी, ड्रायव्हर आणि पासवर्ड तपासत बसला. त्याने बंद केलेली प्रोसेस ओरॅकलच्या लिसनरची होती. ८०८० वरील वेब-व्यवहार आणि १५२१ या क्रमांकावरील डेटाबेसची जोडणी ही दोन्ही कामे तीच पाहत असे. त्याच्या प्रोग्राममध्ये दोष नव्हता. त्याच्याच प्रोग्रामला लागणारा आधार त्याने स्वतःच्या हाताने काढून घेतला होता. या प्रसंगावर खरा उपाय अगदी लहान आहे. सिस्टिम या नावाने डेटाबेसमध्ये शिरावे, डीबीएमएस एक्सडीबी या पॅकेजमधील सेट-एचटीटीपी-पोर्ट ही क्रिया चालवून वेबचा क्रमांक ९०९० असा बदलून घ्यावा, किंवा त्या व्यवस्थापन-पानाची गरजच नसेल तर तेथे शून्य घालून ते बंद करावे. १५२१ वरील कारभार अबाधित राहतो आणि ८०८० टॉमकॅटला मोकळा मिळतो.

शेतकऱ्याच्या घरच्या मुलांना मी हीच गोष्ट सातबाऱ्याच्या भाषेत सांगत असे: जमिनीवर पाय ठेवण्यापूर्वी कब्जेदाराच्या सदरी नाव कोणाचे आहे ते पाहावे, त्याची वहिवाट कशासाठी आहे ते समजून घ्यावे, आणि मगच बेदखलीचा विचार करावा. संगणकावर हा उतारा काढण्यास तलाठ्याकडे जावे लागत नाही. विंडोजवर 'नेटस्टॅट -एएनओ' ही कमांड चालविली असता प्रत्येक पोर्टसमोर, शेवटच्या रकान्यात, प्रोसेसचा क्रमांक येतो. 'लिसनिंग' असे लिहिलेली ओळ तेवढी आपल्या कामाची. तो क्रमांक 'टास्कलिस्ट'मध्ये शोधला की नाव कळते. लिनक्सवर 'एसएस -एलटीएनपी' किंवा 'एलएसओएफ' हीच माहिती देतात; मात्र प्रोसेस दुसऱ्या वापरकर्त्याची असेल तर प्रशासकाच्या अधिकारावाचून नाव दिसत नाही, आणि नाव दिसले नाही म्हणून तेथे कोणी नाहीच असा निष्कर्ष काढू नये. नाव नुसते 'जावा' असे आले तर जेडीकेबरोबर येणारी 'जेपीएस -एल' ही कमांड त्या जावाच्या पोटात नेमका कोणता प्रोग्राम चालला आहे ते सांगते. ही शेवटची पायरी पुष्कळ जण गाळतात. ती गाळल्यामुळे घडलेला एक प्रकार मी जवळून पाहिला आहे.

कापसाच्या ऐन हंगामात, जिल्ह्यातील एका जिनिंगच्या काट्याची नोंद ठेवणारी जावा-प्रणाली एका लहानशा कचेरीतील सर्व्हरवर चालत होती, आणि त्याच सर्व्हरवर एक तरुण आपल्या नव्या प्रणालीची चाचणी घेत होता. त्याचे पोर्ट अडले. आणि त्याने एकेक प्रोसेस पाहण्याचा खटाटोप न करता जावा या नावाच्या सगळ्याच प्रोसेस ९ क्रमांकाचा संकेत देऊन एकदम बंद केल्या. तिकडे काट्यावर गाड्यांची रांग उभी राहिली. ज्या नोंदी डेटाबेसमध्ये उतरावयाच्या बाकी होत्या त्या हातच्या गेल्या, आणि काटा-पावत्यांवरून त्या पुन्हा भराव्या लागल्या. रात्रभर गाडी हाकून आलेल्या शेतकऱ्याला पोर्ट म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. खोळंबा मात्र त्याच्या वाट्याला आला. प्रोसेस बंद करणे अपरिहार्यच असेल, तर ती एकच, तिच्या क्रमांकाने, आणि प्रथम १५ या सौम्य संकेताने बंद करावी. त्या संकेतावर जावा आपली आवराआवर करते, उघड्या जोडण्या मिटविते आणि मग थांबते. ९ या संकेतास तशी मुदतच नसते.

आता ज्या तंट्याने मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले, त्याकडे वळतो. हा तंटा वेबच्या पोर्टचा नसून डीबगच्या पोर्टचा आहे. चालू असलेल्या टॉमकॅटला दुरून डीबगर जोडता यावा म्हणून जावाला 'जेडीडब्ल्यूपी' नावाचा एजंट सोबत द्यावा लागतो व त्यासाठी एक स्वतंत्र पोर्ट, बहुधा ८००० किंवा ५००५, नेमून द्यावे लागते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, आपल्या प्रणालीत व्याजाच्या आकारणीत होणारी एक चूक शोधण्यासाठी, हा एजंट 'जावा-ऑप्ट्स' या चलात लिहिला. पहिल्या खेपेस सर्व सुरळीत चालले. त्याने चूक शोधली, दुरुस्त केली, सर्व्हर थांबवून पुन्हा चालू केला, टर्मिनलवर 'टॉमकॅट सुरू झाला' असे छापूनही आले; परंतु आकारणी पूर्वीसारखीच चुकत राहिली. मग त्याने बरोबर असलेली दुरुस्ती बदलली, ती पुन्हा बदलली, आणि अखेरीस स्वतःच्या गणितावरचा त्याचा विश्वासच डळमळला.

घडत होते ते असे. टॉमकॅट थांबविणारी स्क्रिप्ट ही स्वतः एक लहानशी जावा चालू करते व तिच्यामार्फत ८००५ या पोर्टवर थांबण्याचा हुकूम पोहोचविते. 'जावा-ऑप्ट्स' मधील मजकूर चालू करणाऱ्या आणि थांबविणाऱ्या, दोन्ही जावांना लागू होतो. त्यामुळे थांबविण्यास निघालेली जावा प्रथम ८००० हे डीबग-पोर्ट मागू लागली, ते चालू सर्व्हरच्या ताब्यात असल्याने तिला मिळाले नाही, आणि हुकूम बजावण्यापूर्वीच ती गतप्राण झाली. जुना सर्व्हर जिवंतच राहिला. त्यानंतर चालू करावयास सोडलेली नवी जावाही त्याच पोर्टपाशी अडून संपली. स्क्रिप्टने मात्र ती पार्श्वभूमीवर सोडून दिल्याबरोबर 'सुरू झाला' असे जाहीर केले होते. बदललेली फाइल आपोआप उचलून घेण्याची सोय त्या सर्व्हरवर बंद ठेवलेली असल्याने उत्तरे देत होता तो जुना कोडच. आणि डीबगर ८००० वर जोडला असता तोही निमूटपणे जुन्याच प्रोसेसला जाऊन मिळत होता. 'ट्रान्सपोर्ट एरर २०२' ही खरी हकीकत थांबविण्याच्या वेळी टर्मिनलवर उमटून वर सरकून गेली होती, आणि चालू करण्याच्या वेळची 'कॅटलिना.आउट' या फाइलमध्ये पडून होती.

याचा उपाय म्हणजे तो मजकूर 'कॅटलिना-ऑप्ट्स' या चलात हलविणे. ते चल चालू करतानाच वाचले जाते, थांबविताना नाही. त्याहून सोपा मार्ग म्हणजे टॉमकॅटच्या स्क्रिप्टला 'जेपीडीए स्टार्ट' असे सांगणे, म्हणजे एजंटची योजना ती स्वतःच करते. 'जावा-टूल-ऑप्शन्स' या चलात तर हा मजकूर कदापि ठेवू नये. त्या यंत्रावर त्या वापरकर्त्याने चालविलेली प्रत्येक जावा तेच पोर्ट मागत सुटते. आणि दुरुस्ती दिसत नाही असे वाटले, तर कोडला हात लावण्यापूर्वी 'जेपीएस' चालवून प्रोसेसचा क्रमांक खरोखर बदलला आहे काय, हे पाहावे.

पोर्ट बदलणे हा मार्ग निषिद्ध नाही. कब्जेदार सकारण तेथे असेल तर आपणच दुसरीकडे जावे हे उत्तम. एक्लिप्समध्ये सर्व्हरच्या नावावर दोनदा क्लिक केले असता पोर्टची यादी उघडते. केवळ ८०८० बदलून ८००५ तसाच ठेवला तर दुसरा टॉमकॅट तरीही चालू होत नाही, हे ध्यानात असावे. स्प्रिंग बूटमध्ये 'सर्व्हर.पोर्ट' एवढी एक ओळ पुरते. तथापि बदललेला क्रमांक प्रकल्पाच्या कागदावर लिहून ठेवावा. तोंडी राहिलेला क्रमांक दुसऱ्याच्या वेळेचा अपव्यय करतो.

काही प्रसंगी कब्जेदार अनपेक्षित ठिकाणी आढळतो. टॉमकॅट विंडोजच्या इन्स्टॉलरने बसविला असेल तर तो सेवा म्हणून चालत असण्याचा संभव असतो; तो सर्व्हिसेसच्या खिडकीतून थांबवावा. एक्लिप्स टास्क मॅनेजरमधून बंद केले असेल तर त्याने चालविलेली जावा मागे उरते. ८० या पोर्टवर ४ क्रमांकाची 'सिस्टिम' ही प्रोसेस दिसली, तर ती विंडोजच्या स्वतःच्या वेब-यंत्रणेची असते, ती मारता येत नाही व मारू पाहू नये. आयआयएससारखी जी सेवा ते पोर्ट वापरते ती शोधून थांबवावी. आणि नेटस्टॅट पोर्ट मोकळे दाखवीत असता परवानगी नाकारल्याचा निरोप आला, तर हायपर-व्हीसारख्या सोयीने क्रमांकांचा एखादा पट्टाच राखून ठेवलेला असतो. 'नेटएसएच'मधून राखीव पट्ट्यांची यादी पाहावी व त्याबाहेरचा क्रमांक घ्यावा.

डीबगच्या पोर्टविषयी आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. त्या पोर्टला पासवर्ड नसतो, आणि जो त्यास जोडला जाईल तो त्या जावाकडून वाटेल ते काम करवून घेऊ शकतो. जावाच्या ९ व्या आवृत्तीपासून नुसता क्रमांक दिला असता हे पोर्ट केवळ त्याच यंत्रापुरते उघडते. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ते साऱ्या जाळ्याला खुले होत असे, आणि जुनी जावा अजून पुष्कळ कचेऱ्यांत चालू आहे. दुसऱ्या यंत्रावरून जोडणे आवश्यक असल्यास क्रमांकापूर्वी तारका घालून ते सर्वांस खुले करण्याऐवजी एसएसएचच्या बोगद्यातून आपल्या यंत्रावर आणावे, आणि काम संपताच एजंटची ती ओळ काढून सर्व्हर पुन्हा चालू करावा. मग नेटस्टॅटमध्ये ८००० दिसत नाही याची खात्री करूनच यंत्रासमोरून उठावे.