पाठीच्या खोल पेशी आणि कटिशूल

कटिशूलाचा रुग्ण तपासताना आपला हात प्रथम पृष्ठवंशालगतच्या उंचवट्यांवर जातो. सुश्रुताचार्यांनी कोष्ठातील ६६ पेशी सांगताना पृष्ठाच्या पेशी प्रत्येक बाजूस ५ अशा गणल्या असून त्यांना ‘दीर्घ’ म्हटले आहे. आमच्या मते हे वर्णन इरेक्टर स्पायनी या समूहाशी जुळते. बाहेरून मध्याकडे इलिओकॉस्टॅलिस, लाँजिसिमस व स्पायनॅलिस असे त्याचे तीन स्तंभ आहेत.

त्यांच्याखाली मल्टिफिडस ही पेशी असते. कटिप्रदेशी ती सर्वांत जाड असते. त्रिकास्थी व कटिमणक्यांपासून निघालेले तिचे तंतू दोन ते चार मणके ओलांडून वरील मणक्याच्या कंटकास जोडले जातात. दीर्घ पेशी पाठ ताठ करतात. मल्टिफिडस मणक्यामणक्यास स्थैर्य देते.

प्रथमच उद्भवलेला तीव्र कटिशूल शमला तरी दुखऱ्या बाजूची मल्टिफिडस आपोआप पूर्ववत होत नाही, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात आढळले. म्हणून वेदनाशमन ही चिकित्सेची समाप्ती नव्हे. कटिबस्तीने शूल व स्तंभ उतरल्यावर आम्ही रुग्णास हात-गुडघ्यांवर ओणवे राहून एक हात व विरुद्ध पाय सावकाश उचलण्याचा व्यायाम देतो.

औषधालयचालकांनी वारंवार केवळ तेल नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. कटिशूलासह मूत्रावरोध, गुदभागी बधिरता अथवा पायांत वाढती दुर्बलता दिसल्यास मात्र तैल, बस्ती यांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.