कोकराच्या पोटातील कोठी

नाशिकजवळील अंबड आज कारखान्यांमुळे ओळखले जाते. परंतु तेथून पूर्वेस सिन्नर, नांदगावकडील कोरड्या माळांवर दख्खनी मेंढ्यांचे कळप अजून चरत असतात. आईजवळ गुटगुटीत दिसणारे कोकरू दूध तोडताच खंगू लागते, हे कळप राखणाऱ्या वाचकांनी पाहिलेच असेल. पुढ्यात चारा असता असे का व्हावे, हे आम्ही या पाठात सांगतो.

मेंढीच्या पोटास चार कप्पे असतात. मोठ्या मेंढीत पहिला कप्पा, ज्यास कोठीपोट म्हणतात, तो सर्वांत मोठा असतो. नवजात कोकराचे मात्र चौथे पोट मोठे व कोठीपोट लहान असते. प्यालेले दूध एका पन्हळीतून कोठीपोट टाळून पुढे जाते. म्हणून केवळ दुधावर ही कोठी तयार होत नाही.

सुमारे दोन आठवड्यांचे कोकरू पाला व दाणा चघळू लागते. कोठीपोटातील सूक्ष्म जंतू तो आंबवितात व त्यापासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही बाष्पशील मेदाम्ले होतात. पहिले आम्ल शिरक्यातही असते. कोठीपोटाच्या अस्तरावरील बोटांसारखे बारीक अंकुर विशेषेकरून ब्युटिरिक, व त्याखालोखाल प्रोपिऑनिक आम्लाने वाढतात. हेच अंकुर पुढे आम्ले शोषून रक्तात सोडतात. मोठ्या मेंढीस सुमारे ७० टक्के शक्ती या आम्लांपासूनच मिळते. दाण्याने अंकुर वाढतात, वैरणीने कोठीचे स्नायू व आकार वाढतो. यास्तव दोन्ही अवश्य होत.

आता अंगाच्या वाढीविषयी. मेंदूच्या तळाची ग्रंथी वाढीचे संप्रेरक रक्तात सोडते. त्याच्या आज्ञेने यकृत आय.जी.एफ.-१ नामक द्रव्य करिते व त्याच्या योगे हाडे व मांस वाढतात. नवल हे की, उपाशी कोकराच्या रक्तात ते संप्रेरक अधिक असूनही कोकरू वाढत नाही. कारण अन्नावाचून यकृत त्या आज्ञेस दाद देत नाही. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत साखर करिते. असे पोषण पोहोचले म्हणजेच आज्ञा फळास येते.

म्हणून दूध चालू असतानाच, कोकरे शिरतील पण मेंढ्या शिरणार नाहीत अशा कुडात भरडलेला मका व पेंड थोडी थोडी ठेवावी. मऊ वैरण व पाणी जवळ असावे. दाणा एकदम फार देऊ नये. त्याने पोटात लॅक्टिक आम्ल माजून कोकरू मरू शकते. केवळ दिवस मोजून दूध तोडू नये. कोकरू रोज पुरेसे खाते की नाही, हे आधी पाहावे.

प्रश्न: १. केवळ दुधाने कोठीपोट का वाढत नाही? २. दाणा व वैरण यांचे काम कोणते? ३. आपल्या कळपातील कोणते कोकरू अद्याप दाणा खात नाही?