टाकीतलं ऊन

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलचा रोजचा सीन तुम्हाला माहीत आहे. सहाला उठणाऱ्याला कडकडीत पाणी, सातला उठणाऱ्याला कोमट आणि आठला उठणाऱ्याला नुसतं 'हर हर गंगे'. मग कोणीतरी चोरून बादलीत हीटरचा रॉड टाकतो. गेल्या थंडीत माझ्या शेजारच्या रूममधल्या मित्राने रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघितलं. झटका बसून तो मागे फेकला गेला. वाचला, हे नशीब. तेव्हापासून गरम पाण्याचा विषय माझ्या डोक्यात बसला.

माझं गाव माढा. उन्हाला आमच्याकडे तोटा नाही. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. पण अंघोळीला गरम पाणी लागतं थंडीत, तेही पहाटे, जेव्हा सूर्याचा पत्ता नसतो. ऊन दुपारी आणि गरज सकाळी, हाच खरा प्रॉब्लेम आहे. म्हणजे ऊर्जा साठवायला हवी. साठवण म्हटलं की आपल्याला लगेच बॅटरी आठवते, पण पाणी हीसुद्धा साठवणच आहे.

थोडं गणित करू. १ लिटर पाणी १ अंश तापवायला १ किलोकॅलरी लागते. विजेचं १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेलं, तर ३५०० किलोकॅलरी, म्हणजे साधारण ४ युनिट झाले. आता घरातली इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, म्हणजे पूर्ण भरली तरी १.८ युनिट. म्हणजे १०० लिटरची टाकी अशा दोन बॅटऱ्यांपेक्षा जास्त ऊर्जा धरते. शिवाय बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, पाणी रोज नवीन.

अर्थात एक मर्यादा आहे. त्या उष्णतेतून परत दिवा लावता येत नाही. पण आपल्याला अंघोळच करायची असेल तर ती परत वीज कशाला व्हायला हवी?

ही आयडिया नवीन नाही. आजीचा तांब्याचा बंब आठवा. मध्ये जाळ, भोवती पाणी. एकदा पेटवला की घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी व्हायच्या. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकापासून घरोघरच्या टाक्या रात्रीच्या स्वस्त विजेवर तापवतात. आता तिथे सौर वीज वाढली, म्हणून नोव्हेंबर २०२५ पासून स्वस्त विजेचे काही तास दुपारी आणायला सुरुवात झाली आहे. टाकी तीच, फक्त वेळ बदलली.

आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर पॅनल आहे. दिवसाला सरासरी १२ युनिट होतात, पण दुपारी घरात वापर नसतो, मग वीज ग्रीडला जाते. आणि सकाळी आम्ही २ किलोवॅटचा गिझर लावतो तेव्हा ती वीज बहुतेक कोळशाची असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी २५ लिटरचा जुना गिझर दुपारी दीडला चालू केला. अर्ध्या तासात, एका युनिटमध्ये, पाणी ६० अंशांवर गेलं. मग बटण बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थर्मामीटर लावला तर ४७ अंश! थंड पाणी मिसळून जवळजवळ दोन बादल्या झाल्या.

अप्पांनी लगेच विचारलं, "बिलात किती फरक पडला?" खरं सांगायचं तर काही नाही. नेट मीटरमध्ये युनिटला युनिट वळतं होतं. उलट रात्रभरात ०.४ युनिटच्या आसपास उष्णता उडाली. मात्र जुलै २०२५ पासून टीओडी स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत देतं, त्यांचा फायदा होऊ शकतो. मी अप्पांना म्हटलं, "शेतीपंपाला रात्रीऐवजी दिवसा लाईट हवी म्हणून तुम्ही किती वर्षं ओरडत होता? दिवसा मोटर चालवून शेततळं भरायचं, तसंच हे उष्णतेचं शेततळं." हे त्यांना पटलं.

घरी करून बघणार असाल तर तीन गोष्टी पाळा. टायमर १६ अँपिअरचाच घ्या, २ किलोवॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास ओढतो. पाणी रोज ६० अंशांपर्यंत तापू द्या, कारण कायम कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. आणि आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं, कॉईलवर क्षार बसतात, म्हणून वर्षातून एकदा गिझर साफ करून घ्या.

आता हॉस्टेलबद्दल. आपल्या सोलर टाकीत विजेचा बॅकअप हीटर आहे, तो पहाटे पाचला लावतात. रेक्टर सरांना विनंती आहे की दुपारी तीनला टाकीचं तापमान बघावं आणि ढगाळ दिवस असेल तरच हीटर तेव्हा लावावा. आधी लावला तर पॅनलला तापवायला थंड पाणीच उरणार नाही आणि फुकटचं ऊन वाया जाईल. पाइपांवरचं फाटलेलं इन्सुलेशनही बदलावं, खर्च फार नाही.

आणि मित्रांनो, रात्री गरम पाण्याने कपडे धुऊ नका. काढलेल्या प्रत्येक बादलीमागे टाकीत एक बादली थंड पाणी शिरतं. दिवसभर साठवलेलं ऊन आपणच सांडतो आणि सकाळी रॉड शोधत फिरतो. तो रॉड यंदाच्या थंडीत कोणाच्याही रूममध्ये दिसू नये, एवढीच इच्छा आहे.