पॉइंटर व कारवानी : नाकाचा शिकारी आणि डोळ्यांचा शिकारी

शिकारी कुत्रे सर्व एकाच रीतीने शिकार करतात, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः काही जाती नाकाने काम करतात, तर काही डोळ्यांनी. हा भेद न जाणता कुत्रा पाळला, तर कुत्रा वाया जातो व धन्याचाही हिरमोड होतो.

पॉइंटर ही पहिल्या प्रकारची जात होय. सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती इंग्लंडमध्ये दिसू लागली. तिच्या घडणीत स्पेनमधील जड बांध्याच्या कुत्र्यांचा अंश असल्याचे मानतात. हा कुत्रा मान उंच धरून, वाऱ्यावर येणारा गंध घेत शेत पिंजून काढतो. गवतात दडलेल्या तित्तिराचा वास लागताच तो जागच्या जागी थिजतो : नाक पक्ष्याच्या दिशेस, शेपटी ताठ, पुष्कळदा पुढचा एक पाय उचललेला. झडप घालण्यापूर्वी थबकणे हा श्वानजातीचा मूळ स्वभावच आहे. निवडक पैदाशीने माणसाने तो क्षण लांबविला. प्रारंभी पॉइंटरने ससा दाखवावा आणि ग्रेहाउंडने तो धावून धरावा, अशी कामाची वाटणी असल्याचे सांगतात.

आपल्याकडील कारवानी कुत्रा ग्रेहाउंडच्या वळणाचा आहे. पश्चिम व मध्य आशियातून व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज आले असावेत, असे नावावरून दिसते. लांब निमुळते डोके, खोल छाती, बारीक कंबर आणि सुमारे 70 सेंटिमीटर उंची ही नराची लक्षणे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीस उत्तेजन दिले, म्हणून तिला मुधोळ हाउंड असेही म्हणतात. हलणारी वस्तू दुरून दिसताच तो सुटतो. त्याने वास काढीत झुडपे धुंडाळावीत ही अपेक्षा व्यर्थ होय.

1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे ससा वा तित्तिर यांची शिकार हा गुन्हा आहे. म्हणून शेत व वस्तीची राखण हेच कारवानीचे आजचे काम, आणि त्यास त्याची नजर पुरेशी आहे. अधिक वेगाच्या लोभाने ग्रेहाउंडशी संकर केल्यास मूळ वाण मात्र बिघडते. ग्रामसेवकांनी ही गोष्ट पाळणाऱ्यांच्या निदर्शनास आणावी.

पिल्लू तीन महिन्यांचे होताच पिसाळ रोगाची लस टोचावी व पुढे दरवर्षी टोचीत जावे. ही सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. मुंबईकरांना भोईवाड्यानजीक परळ येथे, 1886 साली स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयात सल्ला घेता येईल.