‘एकदा तरी पिल्लं होऊ देत’

कुत्रीच्या नसबंदीचा विषय निघाला की बहुतेक घरांतून हेच उत्तर येतं, ‘डॉक्टर, एकदा तरी पिल्लं होऊ देत, मग बघू.’ त्यामागे माया असते, हे मला कळतं. पण एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते, याला वैद्यकीय आधार नाही. थांबण्याची किंमत मात्र तिला मोजावी लागते.

कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. गाभण राहो वा न राहो, माजानंतर जवळपास दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉनचा अंमल असतो. दर खेपेला गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, आणि माजाच्या दिवसांत आत शिरलेल्या जंतूंचं तिथे फावतं. गर्भाशयात पू भरतो. यालाच पायोमेट्रा म्हणतात. एरवी पेन्सिलीएवढं असणारं गर्भाशय पायोमेट्राच्या शस्त्रक्रियेत मनगटाएवढं फुगलेलं हाती येतं. तेही जपून उचलायचं, कारण फुटलं तर पू पोटात पसरतो. मध्यमवयीन कुत्री माजानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, वारंवार लघवी करू लागली, जेवण टाकलं, तर उद्यावर ढकलू नका. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेल तर बाहेर थेंबभरही पू दिसत नाही.

नसबंदीने हा धोका टळतो. दुसरा फायदा स्तनांच्या गाठींबाबत. पहिल्या एक-दोन माजांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर हा धोका खूप घटतो, उशीर होत जाईल तसा हा लाभ आटतो. मांजरींच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्यांच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात. माज थांबवायला हार्मोनची इंजेक्शनं देणं स्वस्त वाटतं, पण ती याच दोन आजारांना आमंत्रण देतात. कृपा करून मागू नका.

नरांमध्ये वृषणाच्या गाठींचा प्रश्न मिटतो, प्रोस्टेटची वाढ टळते. बोके घरभर मुतत फिरणं आणि मारामाऱ्या बऱ्याच कमी करतात. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. कुत्र्यांमध्ये जननेंद्रियावर होणारा एक कर्करोग समागमातून थेट पसरतो, आणि गेट उघडं मिळालेला कुत्रा तो रस्त्यावरून घरी घेऊन येतो. भीतीपोटी चावणारा कुत्रा मात्र नसबंदीने सुधारेल, अशी आशा ठेवू नका.

कधी करायची? मांजरींची पाचव्या महिन्याच्या सुमारास, कारण त्या फार लवकर गाभण राहतात. लहान चणीच्या कुत्र्यांची सहा महिन्यांनंतर. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांची हाडं उशिरापर्यंत वाढतात. घाई केली तर सांध्यांचे त्रास वाढू शकतात. तिथे वर्षभर तरी थांबावं, असं माझं मत. कुत्री माजावर असताना रक्तस्रावाचा धोका जास्त, म्हणून माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी या.

तोटे नाहीतच, असं नाही. भूक वाढते, ऊर्जेची गरज घटते, म्हणून खाणं पहिल्या आठवड्यापासूनच मोजून द्या. काही कुत्र्यांमध्ये, विशेषतः मोठ्या जातींच्या माद्यांमध्ये, पुढे झोपेत लघवी गळते; त्यावर औषध आहे. टाके पडल्यावर दहा-बारा दिवस गळ्यातली कॉलर काढायची नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी. आणि घरात नसबंदी न केलेली मांजरी असेल, तर नसबंदीनंतरही बोक्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा. तोवर त्याच्यापासून गर्भ राहू शकतो.