नव्या कंट्रोलरची सरकणारी स्टिक

प्रश्न : नांदेडहून आणलेल्या नव्या गेमिंग कंट्रोलरची डावी स्टिक सोडली तरी पडद्यावरील खेळाडू हळूहळू डावीकडे सरकतो. चालवून घ्यावे काय?
– एक वाचक, लातूर

उत्तर : स्टिकखालील पोटेन्शिओमीटर मध्यबिंदू अचूक दाखवीत नसला म्हणजे हे घडते. सेटिंगमधील ‘डेड झोन’, म्हणजे मध्याभोवतीची ज्यात स्टिकची हालचाल धरली जात नाही ती जागा, किंचित वाढविल्यास दोष झाकला जातो, परंतु नव्या वस्तूचा दोष झाकून ठेवणे मला सर्वथा अनुचित वाटते. स्क्रूला हात न लावता, पावती व चित्रफीत जोडून, बदलून देण्याची लेखी मागणी तातडीने करावी. दुकानदाराने हयगय केल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथेही दाद न लागल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, खरेदी नांदेडची असली तरी, आपल्या निवासाच्या लातूर जिल्ह्यातील ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार दाखल करता येते.