स्वतःहून सोडणं म्हणजे हरणं नव्हे

अमेरिकेत लष्करी वैमानिक होणं सोपं नाही. आधी परीक्षा, डोळे-कान-हृदयाची तपासणी, मग सुमारे वर्षभराचं कडक प्रशिक्षण. एवढं पार करून आलेली काही धडधाकट मुलं-मुली मधेच म्हणतात, "मला जाऊ द्या." तिथे याला 'ड्रॉप ऑन रिक्वेस्ट' म्हणतात, म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणं. नापास म्हणून काढून टाकणं वेगळं.

"घाबरला," असं लोक पटकन बोलतात. पण शरीराला जसं अन्नपाणी लागतं, तसं मनालाही काही लागतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मनाच्या तीन मूळ गरजा सांगितल्या आहेत.

१) स्वतःची मर्जी : 'हे मी निवडलं' असं वाटणं. हवाई दलात वैमानिक झाल्यावर १० वर्षं सेवेचं बंधन असतं. केवळ घरच्यांच्या हौसेखातर आलेल्याला ते ओझं वाटतं. हुकूम तर पाळावाच लागतो. पण शिक्षकाने त्यामागचं कारण सांगितलं, की तो आपलासा वाटतो.

२) जमतंय ही भावना : प्रत्येक उड्डाणाला गुण मिळतात. चूक दाखवावीच लागते, कारण तिथे चुकीने जीव जातो. पण काय सुधारलं हेही सांगायला हवं. सुरुवातीला काहींना विमानात उलट्या होतात. फिरत्या खुर्चीवर सराव देऊन शरीराला सवय लावतात. उपाय आहे हे कळलं की धीर येतो.

३) आपली माणसं : कोणाला कोणतं विमान मिळणार, हे बरंचसं गुणक्रमावर ठरतं. सोबती स्पर्धक झाला, की मनातलं बोलायचं कोणाशी? उड्डाण बंद होईल या भीतीने काहीजण दुखणं डॉक्टरपासूनही लपवतात.

या गरजा मारल्या गेल्या, की हुशार विद्यार्थीही आतून तुटतो. मात्र प्रत्येक सोडणं वाईट नसतं. हे काम आपलं नाही, हे वेळीच ओळखणं त्याच्याही भल्याचं आणि सोबत उडणाऱ्यांच्याही.

आपल्या घरातलं लेकरू भरतीचा सराव किंवा एखादा कोर्स सोडतो म्हणालं, तर आधी रागावू नका. तीन प्रश्न विचारा : हे तुला हवं होतं की आम्हाला? नेमकं काय जमत नाही? तिथे तुझं कोण आहे? उत्तर मधे न तोडता ऐका.

झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नका. लगेच दवाखान्यात न्या किंवा सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. हा फोन मोफत आहे.